सीमेवरचे बाबा आणि घरातले मूल

खानापूर, बेळगाव, निपाणी आणि राज्यसीमेपलीकडील चंदगड, गडहिंग्लज, आजरा या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला एक नोंद नित्याची असते. केसपेपरवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘मिलिट्री’ असे लिहिले जाते. मुलाला घेऊन आई किंवा आजोबा आलेले असतात, आणि आपण पुढे वजन, लसीकरण, ताप यांकडे वळतो. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे. १७६८ पासूनची परंपरा सांगणाऱ्या या रेजिमेंटमध्ये, तसेच लष्कराच्या इतर दलांतही, आमच्या गावांतील मुले पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली आहेत. त्या पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच आहे. तथापि त्याच सैनिकांच्या घरी, त्यांच्या गैरहजेरीत वाढणाऱ्या मुलांविषयी आपण डॉक्टर मंडळींनीही फारसा विचार केलेला नाही. बाप दूर असूनही मुलाच्या मनात जवळ कसा राहतो, आणि कधी राहत नाही, हे बालमानसशास्त्राच्या व माझ्या नित्याच्या अनुभवाच्या आधारे येथे मांडत आहे.

प्रथम कालावधीचा हिशेब पाहू. जवानाला वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक व तीस दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती संपूर्ण मिळाली आणि संपूर्ण घरीच घालवली असे धरले, तरी मूल पाच वर्षांचे होईपर्यंत बाप त्याच्या वाट्याला साडेचारशे दिवस येतो. म्हणजे पाच वर्षांपैकी सव्वा वर्ष, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. शांततेच्या ठाण्यावर नेमणूक असेल तेव्हा कुटुंब बरोबर नेता येते हे खरे. परंतु क्वार्टरची प्रतीक्षा, घरची शेती, वृद्ध आईवडील आणि मुलांची शाळा यांमुळे आमच्याकडील अनेक स्त्रिया मुलांसह गावीच राहणे पसंत करतात. गणपतीला रजा मिळाली तर दिवाळीला मिळत नाही, आणि गावच्या महालक्ष्मी यात्रेला मिळाली तर त्या वर्षी दोन्ही सण गेले असे समजावे.

हे अंतर आजचे नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूट या ठिकाणी सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्की सैन्याने वेढा घातला, तेव्हा त्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार सैनिक शरण गेले आणि कैदेत पडले. त्यांच्या घरी किती महिने काहीच कळले नसेल, याची कल्पना आज करवत नाही. लिहितावाचता न येणारा शिपाई दुसऱ्याकडून पत्र लिहून घेई, घरी ते शाळामास्तर वाचून दाखवीत, आणि मधे सेन्सॉर ते उघडून पाहत असे. अशा पत्रात मुलासाठी वेगळे वाक्य लिहिणे संकोचाचेच होते. ‘सर्व लहान-थोरांस आशीर्वाद’ या ठरीव शब्दांत त्या बापाचे सारे वात्सल्य कोंबलेले असे.

पुढे ‘५६ एपीओ’ आणि ‘९९ एपीओ’ हे पत्ते आमच्या घराघरांत पाठ झाले. क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली एवढाच आकडा. गावाचे नाव नाही, जिल्हा नाही. पत्र दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या लष्करी टपाल केंद्रात जाई आणि तेथून युनिट ज्या ठिकाणी असेल तेथे पोहोचे. गोपनीयतेसाठी केलेली ही उत्तम व्यवस्था. मुलांच्या दृष्टीने मात्र त्यात एक गंमत होती. ‘बाबा कुठे आहेत?’ असे विचारल्यावर ‘छप्पन एपीओला’ असे उत्तर देणारी मुले मला भेटलेली आहेत. त्यांच्या लेखी ते एक गाव होते, आणि गोवा एक्स्प्रेसमध्ये लोंढ्याला बसले की ते पुढे कुठेतरी येत असावे. मी यावर पूर्वी हसत असे, पण आता वाटते की ते उत्तर मानसशास्त्रीयदृष्ट्या अगदी निकोप होते. मुलाला बाप कोठेतरी निश्चित ठिकाणी असावा लागतो. ठिकाण कळले की तेथे त्याला जेवताना, झोपताना कल्पिता येते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संपर्काची साधने झपाट्याने बदलली. कारगिलच्या वेळी, १९९९ साली, आमच्या गावांतील बायका एसटीडी बूथच्या मालकाला फोन येईल म्हणून सांगून ठेवत आणि निरोप आला की धावत जात. दुर्गम ठाण्यांवरील जवानांसाठी उपग्रह दूरध्वनीचा दर २०१७ च्या दिवाळीत मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपयावर आणला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बीएसएनएलने सियाचेन हिमनदीच्या परिसरात मोबाईल मनोरा उभारला, तर जानेवारी २०२५ मध्ये तेथे जिओची फोर-जी व फाइव्ह-जी सेवा पोहोचली. इकडे आमच्या तालुक्यात कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला आणि भीमगडच्या अरण्यातील वाड्यांवर भर पावसाळ्यात रेंजसाठी घराबाहेर कोठे उभे राहायचे, हे ज्याला त्याला ठाऊक असते. हिमनदीवरचा बाप फोनवर स्पष्ट दिसावा आणि खानापूर तालुक्यातील मूल मात्र धूसर दिसावे, हा प्रकार मी स्वतः ऐकलेला आहे.

सांगायचे तात्पर्य, संपर्काचे साधन आज बहुतेकांच्या हाती आहे. प्रश्न असा आहे की त्या संपर्कातून मुलाला काय पोहोचते. ते मुलाच्या वयावर अवलंबून असते, आणि येथेच पालकांची अपेक्षा व बालकाची कुवत यांचा मेळ बसत नाही.

नवजात अर्भक आईचा आवाज ओळखते, कारण तो त्याने गर्भातच ऐकलेला असतो. पित्याच्या आवाजाचे तसे नाही. डीकॅस्पर व प्रेस्कॉट यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की नवजात बालकांना दोन पुरुषांच्या आवाजांतील फरक कळतो, परंतु स्वतःच्या वडिलांच्या आवाजाची विशेष ओढ त्यांच्यात आढळत नाही. म्हणजे पित्याची ओळख निसर्ग आयती देत नाही. ती सहवासाने कमवावी लागते. बाळंतपणाला येऊन पंधरा दिवसांत परत गेलेल्या जवानाचे बाळ आठ-नऊ महिन्यांचे होते, तेव्हा नेमके परक्यांना घाबरण्याचे वय सुरू झालेले असते. पुढल्या रजेत बाप हात पसरतो आणि बाळ किंचाळून आजीच्या खांद्यात तोंड लपवते. हे विकासाचे सुलक्षण आहे असे आपण म्हणतो. त्या बापाला मात्र ते सुलक्षण वाटत नाही.

दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये असे आपण सर्वच सांगतो. त्यातील एक अपवाद येथे महत्त्वाचा आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत या वयात नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल वगळलेला आहे. त्याला शास्त्रीय आधार आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा ते पंचवीस महिन्यांच्या मुलांना आठवडाभर एका अनोळखी व्यक्तीशी पडद्यावर बोलू दिले. ज्यांच्याशी ती व्यक्ती प्रत्यक्ष त्या क्षणी संवाद साधत होती, त्या मुलांनी नंतर समोरासमोर भेट झाली तेव्हा तिला ओळखल्याची चिन्हे दाखविली. ज्यांना आधी टिपलेले चित्रीकरण दाखविले होते, त्यांच्यात ती दिसली नाहीत. मुलाने हात हलवला की पलीकडच्याने त्याच क्षणी हात हलवावा, या देवाणघेवाणीतूनच ओळख रुजते.

यातून व्यवहारात काय करावे? बहुतेक घरी कॉलची पद्धत अशी असते: बाप पत्नीशी बोलतो, मग आईशी, मग वडिलांशी, शेवटी फोन मुलाच्या तोंडासमोर धरला जातो आणि ‘बोल की, बाबांशी बोल, अभ्यास केलास का सांग’ असा आग्रह सुरू होतो. मूल फोनवरील लाल बटण दाबून मोकळे होते. त्याऐवजी मुलाची पाच मिनिटे आधी घ्यावीत. त्यात प्रश्न विचारू नयेत, एखादा ठरलेला खेळ असावा. टोपी डोळ्यांवर ओढून ‘बाबा कुठे गेले?’ असे म्हणणे, किंवा पडद्यावरून गालाचा पापा घेण्याचा आवाज काढून त्याच क्षणी आईने मुलाच्या गालाला हात लावणे, असे काहीही चालते. रोज तेच असावे, कारण लहान मुलाला पुनरावृत्तीचा कंटाळा येत नाही. कंटाळा आपल्याला येतो.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाची अडचण वेगळी. त्याला बाप आठवतो, पण काळ समजत नाही. ‘दोन महिन्यांनी येतील’ हे वाक्य त्याच्यासाठी निरर्थक असते. अशा वेळी आमच्या घरांतील कालनिर्णयाचा उपयोग होतो. रोज रात्री एक चौकट मुलाच्या हाताने खोडायची. मात्र रजेची तारीख पक्की झाल्याशिवाय हे सुरू करू नये. लष्करात रजा रद्द होते, आणि खोडलेल्या चौकटींचा विश्वासघात मूल लवकर विसरत नाही. तारीख नक्की नसेल तर ‘भाताची लावणी झाल्यावर’, ‘गणपती गेल्यावर’ असे ढोबळ सांगावे. त्यात बाबांचा शब्दही खोटा पडत नाही.

याच वयात बापाच्या आवाजातील गोष्टीला फार मोल आहे. अमेरिकेत १९८९ मध्ये नौदलातील एका अधिकाऱ्याच्या पत्नीने ‘युनायटेड थ्रू रीडिंग’ नावाचा उपक्रम सुरू केला. मोहिमेवर असलेल्या सैनिकाने मुलांचे पुस्तक मोठ्याने वाचायचे, त्याचे चित्रीकरण घरी पाठवायचे आणि मुलाने तेच पुस्तक हाती धरून ते पाहायचे, अशी ती कल्पना. आधी म्हटल्याप्रमाणे दोन वर्षांखालील मुलाला अशा चित्रीकरणातून माणूस ओळखता येत नाही. परंतु बाबांना आधीच ओळखणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला ते पुरते. आमच्याकडे व्हॉइस नोटवर हे विनाखर्च करता येते. जवान लाजतात, ‘आम्हाला गोष्टी येत नाहीत’ म्हणतात. गोष्ट यायला हवी असे मुळीच नाही. ठाण्यावरच्या कुत्र्याने आज काय केले, बर्फात भात शिजायला किती वेळ लागतो, लंगरात आचाऱ्याने पुरणपोळीचा कसा प्रयत्न केला, हे आईने सांगितलेल्या कोणत्याही परीकथेपेक्षा अधिक मन लावून ऐकले जाते. ठाण्याचे नाव, परिसराचे छायाचित्र, तुकडीच्या हालचाली यांना अर्थातच मज्जाव आहे. जुलै २०२० मध्ये लष्कराने फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप काढून टाकण्यास जवानांना सांगितले होते. घरच्यांनीही या बाबतीत हट्ट धरू नये आणि आलेले फोटो गावभर पाठवू नयेत.

शाळकरी मुलांसाठी मी अजूनही पत्राचा आग्रह धरतो. फोनवरचे बोलणे संपले की संपते, पत्र मात्र दप्तरात, उशीखाली, देव्हाऱ्यामागे उरते. मोहिमेच्या काळात फोन आठ-पंधरा दिवस बंद असतो, तेव्हा हाती असलेले जुने पत्र पुन्हा वाचता येते. मुलाने काढलेले चित्र ५६ एपीओच्या पत्त्यावर आजही टाकता येते, आणि ते बंकरच्या भिंतीला चिकटवलेले आहे असे बापाने सांगितले की मुलाला बापाच्या त्या अनोळखी जगात आपली जागा मिळते. किशोरवयीन मुलगे बोलत नाहीत, एवढेच येथे सांगतो. त्यांच्याकडे सायकलचे, क्रिकेटचे, पुढे मोटारसायकलचे विषय काढावेत. गुणपत्रिकेचा विषय आईवर सोपवावा.

आता सर्वांत महत्त्वाच्या व्यक्तीकडे वळतो. दूरचा बाप मुलाच्या मनात कसा उभा राहतो हे बहुतांशी घरातील माणसांच्या तोंडी असते. ‘थांब, बाबांना येऊ दे, मग बघ’ हे वाक्य आमच्या भागात आया, आज्या, काकू सर्रास वापरतात. एकट्याने दोन मुले आणि सासरचे घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या तोंडून ते निघते यात नवल नाही, आणि मी तिला दोष देत नाही. परंतु वर्षभर हे ऐकलेल्या मुलाने बाप आल्यावर दाराआड लपावे, हे ओघानेच येते. याउलट ‘हे बाबांना आवडतं’, ‘बाबा पण लहानपणी याच झाडावरून पडले होते’ अशा सहज वाक्यांनी बाप रोजच्या जेवणात, आंघोळीत हजर राहतो. एकत्र कुटुंबात आणखी एक गुंता होतो. चुलतभावंडे ज्याला ‘काका’ म्हणतात त्यालाच मूलही ‘काका’ म्हणू लागते, आणि घरी असलेल्या थोरल्या चुलत्याला ‘बाबा’. रजेवर आलेल्या जवानाला पोटच्या पोराने काका म्हणून हाक मारावी, यावर घरात हशा होतो. त्या हशात तो माणूस सामील झालेला मी पाहिलेला नाही.

युद्धाच्या बातम्यांविषयीही लिहायला हवे. ७ मे २०२५ रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झाले आणि १० मे रोजी गोळीबार थांबला. त्या चार दिवसांत रजेवर आलेल्या अनेक जवानांना परत बोलावले गेले, घरोघरी दूरदर्शन संच रात्रंदिवस चालू होते, आणि वाहिन्यांवरील भोंगे व स्फोटांची दृश्ये मुले पाहत होती. त्या आठवड्यात माझ्याकडे पोटदुखीची, पुन्हा अंथरूण ओले करू लागलेली, शाळेत जाण्यास नकार देणारी मुले आली, तेव्हा तपासणीइतकाच एक प्रश्न उपयोगी पडला: घरी टीव्ही कोण पाहते? लहान मुलाला एकच स्फोट दहा वेळा दाखवला तर त्याच्या दृष्टीने दहा स्फोट होतात. मोठ्यांनी बातम्या मूल झोपल्यावर पाहाव्यात. ‘बाबांना काही होणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते आपल्या हातात नाही. ‘बाबांबरोबर त्यांचे सोबती आहेत, त्यांना हे काम चांगले येते, आणि कळले की मी तुला सांगेन’ एवढे खरे बोलणे पुरेसे होते.

रजेवरचे आगमन हा साऱ्यांत अवघड प्रसंग. दुसऱ्या महायुद्धानंतर लोइस स्टोल्झ या संशोधिकेने कॅलिफोर्नियातील काही कुटुंबांचा अभ्यास करून १९५४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. युद्धकाळात, पित्याच्या गैरहजेरीत जन्मलेल्या पहिल्या अपत्याशी परतलेल्या पित्याचे नाते पुढेही ताणलेले राहिले; तो त्या मुलाशी अधिक कडक वागे, आणि युद्धानंतर जन्मलेल्या दुसऱ्या मुलाशी त्याचे सहज जुळे. परदेशी निष्कर्ष आमच्या आजी-आजोबांच्या भरल्या घराला जसेच्या तसे लावू नयेत हे मान्य, पण हे चित्र मला ओळखीचे वाटते. एका हवालदाराने मला विचारले होते, ‘डॉक्टरसाहेब, पोरगं माझ्याजवळच येईना झालंय. आईजवळ झोपतंय, मला बघितलं की रडतंय. ह्याच्यासाठीच तर तिथं थंडीत उभा ऱ्हातोय न्हवं?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, अपमान होता.

बोल्बी यांनी सांगितलेला क्रम येथे उपयोगी पडतो. प्रिय व्यक्ती दुरावली की मूल आधी आकांत करते, मग खचते आणि शेवटी अलिप्त होते. परतलेल्या बापापासून तोंड फिरवणारे मूल बहुधा या तिसऱ्या पायरीवर असते. ज्याची आठवण सोसवली नाही त्याच्याकडे ते पाहत नाही. बापाने पहिले चार-पाच दिवस मुलाचा ताबा घेऊ नये. त्याच खोलीत जमिनीवर बसून शेंगा सोलाव्यात, खेळणे दुरुस्त करावे, आणि मुलाला आपणहून येऊ द्यावे. आईच्या कुशीतली जागा लगेच हिसकावू नये. शिस्त लावण्याचे कामही पहिल्या आठवड्यात हाती घेऊ नये. पाढे म्हणून घेणारा पाहुणा कोणालाच आवडत नाही. कॅन्टीनमधून आणलेल्या चॉकलेटांनी मुलाला जवळ आणण्याचा मार्ग सोपा आहे, पण चॉकलेट संपेपर्यंतच तो चालतो. त्यापेक्षा एक नित्याचे काम बापाने स्वतःकडे घ्यावे: शाळेत सोडणे किंवा रात्रीची आंघोळ. तो हवालदार तीन आठवड्यांनी मुलाच्या लसीसाठी आला तेव्हा मूल त्याच्या मांडीवर होते, आणि सुई टोचल्यावर त्याच्याच गळ्यात पडून रडले.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. अशा घरातील मुलाची वारंवार पोटदुखी, अंथरुणात लघवी, चिडचिड किंवा अचानक घसरलेली भूक यांचा इतिहास घेताना ‘वडील मिलिट्रीत’ एवढ्यावर थांबू नका. ते कधी गेले, कधी येणार, शेवटचा फोन कधी झाला, हे विचारा. सोनोग्राफीच्या आधी विचारा. मूत्रमार्गाचा संसर्ग, जंत, बद्धकोष्ठ हे आपण वगळतोच, वगळलेच पाहिजेत. पण वडिलांच्या जाण्याची तारीख आणि लक्षणांची तारीख शेजारीशेजारी लिहिल्यावर अनेकदा कागदच निदान सांगतो.

आणि निरोपाविषयी. पहाटेची गाडी गाठण्यासाठी अनेक बाप मूल झोपेत असतानाच निघतात. त्याने रडू नये, आणि खरे सांगायचे तर आपणही रडू नये, हा हेतू असतो. सकाळी उठून मूल घरभर शोधते, आणि पुढे कित्येक रात्री झोपेला भिते, कारण झोपलो की माणूस नाहीसा होतो हे त्याने अनुभवलेले असते. मुलाला उठवावे. गणवेशात पाहू द्यावे, ट्रंकेचे कुलूप त्याच्या हाताने लावून घ्यावे, शक्य असल्यास स्टेशनपर्यंत न्यावे. ते रडेल. रडणाऱ्या मुलाला समोर आई असते, गाडी गेलेली दिसते, आणि बाबा कोणत्या दिशेला गेले हे माहीत असते. त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस ते हट्टी होईल, बोट चोखेल, आईचा पदर सोडणार नाही. त्या दिवसांत फोनची पाच मिनिटे चुकवू नयेत, आणि आईलाही कोणीतरी दुपारी तासभर झोपू द्यावे.